प्रस्तावना : पढतमूर्खांची बैठक

दासबोधाचा दुसरा दशक मूर्खाच्या लक्षणांनी सुरू होतो आणि पढतमूर्खाच्या लक्षणांनी संपतो. मधल्या आठ समासांत भक्ती आहे, त्रिगुण आहेत, विद्या-कुविद्या आहेत, विरक्ती आहे. एवढं सगळं सांगून झाल्यावर समर्थ पुन्हा मूर्खाकडे वळतात, पण या खेपेला शिकलेल्या मूर्खाकडे. साधा मूर्ख ओळखायला काही लागत नाही. आळीतलं शेंबडं पोरही त्याला ओळखतं. ज्याचं वाचन दांडगं, बोलणं बिनतोड, चारचौघांत मान, आणि तरी जे कळतं ते करण्यात उतरत नाही, असा माणूस ओळखायला वेळ लागतो. तोवर नुकसान होऊन गेलेलं असतं. समर्थ नुसते ग्रंथकार नव्हते. त्यांनी मठ उभारले, महंत नेमले, माणसं पारखून कामाला लावली. संघटना चालवणाऱ्या माणसाला पढतमूर्खासाठी वेगळा समास लिहावासा वाटला, यात नवल नाही.

हा लेखसंग्रह त्याच्या पुढचा प्रश्न विचारतो. माणूस पढतमूर्ख असतो, तशी संस्था असू शकते का? बैठकीला बसलेला प्रत्येक जण आपापल्या विषयात जाणकार आहे, घरचा व्यवहार चोख ठेवणारा आहे. आणि बैठक उठते तेव्हा टेबलावर असा ठराव असतो की त्यांच्यापैकी एकानेही तो एकट्याच्या जबाबदारीवर केला नसता. हे कसं घडतं, याचा शोध घेणारी एक अभ्यासशाखाच गेल्या शंभरेक वर्षांत तयार झाली आहे. मराठीत तिच्याविषयी सलग असं फार थोडं लिहिलं गेलं. म्हणून आधी या मुलखाची ओळख करून देतो.

क्यूबाच्या उदाहरणापासून सुरुवात करणं सोयीचं, कारण त्यात नियतीने जणू प्रयोगच करून दाखवला आहे. एप्रिल १९६१ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर खात्याने शिकवून तयार केलेले सुमारे चौदाशे क्यूबन निर्वासित ‘बे ऑफ पिग्ज’ला उतरले. तीन दिवसांत सगळं आटोपलं. शंभराहून अधिक मेले, जवळपास बाराशे पकडले गेले. ही योजना ज्यांनी मान्य केली त्यांत अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या भोवतीची त्या काळातली सर्वांत हुशार समजली जाणारी मंडळी होती: हार्वर्डचे प्राध्यापक, मोटार कंपनीचं अध्यक्षपद सोडून आलेले मॅक्नमारा. इतिहासकार आर्थर श्लेसिंजर यांना योजना पटली नव्हती. त्यांनी तसं अध्यक्षांना लेखी कळवलंही होतं. पण बैठकीत ते गप्प राहिले. अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांनी त्यांना बाजूला घेऊन सुचवलं होतं, अध्यक्षांचं ठरलं आहे, आता ताणू नका. पुढे श्लेसिंजरांनी त्या मौनाबद्दल स्वतःला दोष दिला.

दीड वर्षाने, ऑक्टोबर १९६२ मध्ये, क्यूबातच रशियन क्षेपणास्त्रं सापडली. माणसं बहुतेक तीच. सुरुवातीला कल हवाई हल्ल्याकडे होता. पण या वेळी केनेडी काही बैठकांना मुद्दाम आले नाहीत, म्हणजे त्यांच्या तोंडाकडे पाहून कुणी बोलू नये. गट पाडले, प्रत्येकाने वेगळा आराखडा लिहायचा आणि दुसऱ्याचा फाडायचा. रशिया जवळून पाहिलेला राजदूत बोलावून घेतला. मागच्या वेळी शंका दाबणारे रॉबर्ट केनेडी या वेळी शंका काढायच्या कामावर नेमले गेले. तेरा दिवसांनी जग अणुयुद्धाच्या काठावरून मागे आलं. मानसशास्त्रज्ञ अर्विंग जॅनिस यांनी १९७२ मध्ये या दोन प्रसंगांची तुलना केली आणि ‘ग्रुपथिंक’ हा शब्द रूढ झाला. केनेडींनी गुपचूप केलेली ध्वनिमुद्रणं पुढे खुली झाली तेव्हा जॅनिसचं चित्र जरा जास्तच नेटकं असल्याचं दिसलं. तुर्कस्तानातली अमेरिकन क्षेपणास्त्रं काढून घेण्याचा जो सौदा झाला, तो त्या गटातल्या बऱ्याच जणांपासूनही लपवून ठेवला होता. तरी मूळ मुद्दा हलत नाही. दीड वर्षात कुणाची बुद्धी वाढली नव्हती. शंकेला बसायला जागा मिळाली होती.

माझ्या मते या साऱ्या विषयाचं मर्म इथे आहे. संस्था शहाणी की मूर्ख, हे तिच्यात किती हुशार माणसं आहेत यावर फार कमी ठरतं. कुणाच्या तरी मनात आलेली शंका निर्णयाच्या टेबलापर्यंत पोहोचते का, आणि पोहोचली तर तिचं काय होतं, यावर ते ठरतं. संग्रहातले सगळे लेखक याच्याशी सहमत नाहीत, आणि ते बरंच आहे.

आता थोडा इतिहास. व्यवस्थापनशास्त्राची सुरुवातच मुळी कामगाराला मूर्ख ठरवून झाली. फ्रेडरिक टेलर यांच्या १९११ च्या पुस्तकात बेथलेहेम स्टीलच्या आवारात लोखंडाचे ठोकळे उचलणारा एक मजूर येतो. दिवसाला साडेबारा टनांच्या जागी सत्तेचाळीस टन उचलायला त्याला कसं लावलं, हे टेलर अभिमानाने सांगतात. आणि अशा कामाला लागणारा माणूस बुद्धीने बैलाच्या जवळचा असावा, असंही लिहून जातात. विचार वरच्यांनी करायचा, हात खालच्यांनी चालवायचे. ही वाटणी इतकी मुरली की पुढची पन्नास वर्षं ‘संस्थेतला मूर्खपणा’ म्हटलं की खालच्या पायरीकडेच बोट जायचं. या विषयाच्या नव्या वाचकाने हे लक्षात ठेवावं: मूर्ख हा शब्द कोण कुणाला लावतो, त्यात सत्ता असते.

याच सुमारास जर्मनीत माक्स वेबर नोकरशाहीचा विचार करत होते. त्यांचं मुख्य लेखन त्यांच्या मृत्यूनंतर, १९२२ च्या आसपास ग्रंथरूपाने आलं. वेबरांना नोकरशाही ही राजाच्या लहरीपेक्षा श्रेष्ठ वाटत होती, आणि ती आहेच. नियम लेखी, अधिकार पदाला, माणूस कुणीही असो. १९४० मध्ये रॉबर्ट मर्टन यांनी त्याची दुसरी बाजू दाखवली. नियम पाळायची सवय इतकी अंगात भिनते की नियम कशासाठी होता हे विसरलं जातं, आणि प्रशिक्षणच माणसाला अपंग करतं. ज्याने कधी दाखल्यासाठी तीन खिडक्या पालथ्या घातल्या असतील त्याला मर्टन समजावून सांगावे लागणार नाहीत. पण मर्टनचा मुद्दा कारकुनाच्या आळसाचा नव्हता. तो कारकून मेहनती आहे, प्रामाणिक आहे, त्याला शिकवलं तेच तो करतो आहे, हा होता.

हर्बर्ट सायमन यांनी १९४७ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. माणसाला सगळं कळणं शक्यच नाही. तो सर्वोत्तम शोधत बसत नाही, भागेल असं काही सापडलं की थांबतो. त्यामुळे संस्था म्हणजे मर्यादित अकलेच्या माणसांनी एकमेकांच्या आधाराने चालवलेली सोय. सायमनना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचे सहकारी जेम्स मार्च जास्त खट्याळ. कोहेन आणि ओल्सन यांच्यासह १९७२ मध्ये त्यांनी विद्यापीठांमधले निर्णय पाहून ‘कचराकुंडी’चं प्रारूप मांडलं: प्रश्न, उत्तरं, माणसं आणि बैठका सगळं एका कुंडीत पडत असतं आणि जे ज्याला चिकटेल तो निर्णय. उत्तर आधी तयार असतं, ते प्रश्न शोधत फिरत असतं. कॉलेजात नोकरी केलेल्यांना यात अतिशयोक्ती दिसणार नाही. नेमाडे यांच्या कादंबऱ्यांतला चांगदेव पाटील ज्या संस्थांमधून फिरतो त्यांची बैठक मार्चला दाखवली असती तर तो खूश झाला असता. याच मार्चने मूर्खपणाची बाजूही घेतली. संस्थेला अधूनमधून कारण न देता काही करून पाहण्याची मुभा हवी, नाहीतर तिला नवी उद्दिष्टं सापडणारच नाहीत, असं त्याचं म्हणणं. शहाणपण आणि मूर्खपणा हे दिवस-रात्रीसारखे वेगळे काढता येत नाहीत, ही अडचण तिथून सुरू झाली आणि अजून सुटलेली नाही.

पार्किन्सन (१९५५) आणि पीटर (१९६९) यांचे ‘नियम’ सगळ्यांना ऐकून माहीत असतात, म्हणून त्यांच्यावर इथे वेळ घालवत नाही. ते विनोद म्हणून चांगले आहेत. इटालियन अर्थेतिहासकार कार्लो चिपोल्ला यांची १९७६ ची पुस्तिका मात्र वाचण्यासारखी आहे: स्वतःचा काही फायदा नसताना दुसऱ्याचं नुकसान करतो तो मूर्ख, अशी त्यांची व्याख्या. तिच्यात गंमत आहे, पण संस्था कळायला ती पुरत नाही. कारण संस्थेतल्या मूर्खपणात कुणाचा तरी फायदा बहुतेक असतोच.

हा फायदा नेमका कोणता, हे १९९० नंतरच्या अभ्यासकांनी पकडलं. ख्रिस आर्जिरिस यांनी सल्लागार कंपन्यांमधल्या अत्यंत हुशार लोकांचा अभ्यास करून लिहिलं, की हेच लोक शिकण्यात सर्वांत कच्चे असतात. आयुष्यात कधी नापास झालेले नसतात, त्यामुळे चूक दिसली की बचाव सुरू. स्वीडनचे माट्स अल्वेसन आणि लंडनचे आंद्रे स्पायसर यांनी २०१२ च्या निबंधात आणि २०१६ च्या पुस्तकात याला पुढे नेऊन ‘कामाचा मूर्खपणा’ मांडला. का असं विचारायचं नाही, कारण मागायचं नाही, आपल्या नेमून दिलेल्या कामापलीकडे पाहायचं नाही. असं वागणारा माणूस मूर्ख नसतो. तो सोयीने डोकं बाजूला ठेवतो. त्यामुळे बैठका लवकर संपतात, भांडणं टळतात, बढती मिळते, संस्था गुळगुळीत चालते. ‘वरून आलंय’, ‘असंच चालत आलंय’, ‘आपल्याला काय करायचंय’ या तीन वाक्यांवर किती कचेऱ्या चालतात ते आपण जाणतो. अल्वेसन-स्पायसर यांचं श्रेय असं, की त्यांनी या वाक्यांना दोष म्हणून झटकलं नाही; त्यांचा उपयोग काय ते विचारलं. उपयोग आहे, म्हणूनच तर ती टिकून आहेत.

शहाणपणाच्या बाजूने बोलणारी परंपरा जुनी आणि थोडी विस्कळीत आहे. ॲरिस्टॉटलने व्यवहारातल्या विवेकाला शास्त्रीय ज्ञानापासून वेगळं काढलं. जपानच्या इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची यांनी तोच धागा धरून २०११ मध्ये शहाण्या नेत्याची लक्षणं लिहिली. मला हे लेखन आदरणीय वाटतं, पण त्याचा एक तोटा आहे. शहाणपण नेत्याच्या अंगी शोधायला लागलं की संस्थेतले बाकीचे लोक वाट पाहत बसतात. त्यापेक्षा कार्ल वाइक मला जवळचा. त्याने अभ्यासलेली घटना अशी. १९४९ मध्ये मोंटाना राज्यातल्या मान गल्च दरीत वणवा विझवायला उतरलेले तेरा जण जळून मेले. त्यांच्या म्होरक्याने आयत्या वेळी समोरचं गवत स्वतःच पेटवलं आणि जळून गेलेल्या जागेत आडवा पडून वाचला. बाकीच्यांना तो काय करतो आहे तेच कळेना. ते धावत सुटले. म्होरक्याकडे अक्कल होती, धैर्य होतं. पण त्या टोळीची एकमेकांशी नीट ओळखही नव्हती, आणि एकट्या माणसाचं शहाणपण त्या क्षणी कुणाच्या उपयोगी पडलं नाही.

आपल्याकडे कौटिल्य या बाबतीत थेट बोलतो. राजाने मसलत किती जणांशी करावी? एकाशी केली तर पेच सुटत नाही आणि तो मोकाट सुटतो, दोघांशी केली तर ते संगनमत करतात किंवा भांडून घात करतात, तिघा-चौघांशी करावी. कौटिल्य इथे उत्तम मंत्र्याचे गुण मोजत बसत नाही, खुर्च्या मोजतो. शहाणपण ही बसवायची, घडवायची गोष्ट आहे, हे त्याला कळलं होतं.

या क्षेत्रात सर्वांत जास्त उगाळलं गेलेलं प्रकरण चॅलेंजर यानाचं. तरी त्यावर थांबतो, कारण त्याची लोकप्रिय कथा चुकीची आहे. २७ जानेवारी १९८६ ची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लोरिडातून उड्डाण. रात्री कडाक्याची थंडी पडणार असा अंदाज. बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायकोल कंपनीच्या युटातल्या अभियंत्यांना धास्ती होती, की सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या थंडीत ताठर होतील आणि गरम वायू निसटेल. त्यांच्यापैकी रॉजर बॉइजोली यांनी आदल्या जुलैत तसा लेखी इशाराही दिला होता. तीन ठिकाणी जोडलेल्या दूरध्वनीवर बैठक झाली. हाताने लिहिलेले तक्ते फॅक्सने पाठवले गेले. ५३ अंश फॅरनहाइटच्या खाली उडवू नका, अशी शिफारस कंपनीने केली. नासाच्या अधिकाऱ्यांनी तिच्यावर प्रश्नांची सरबत्ती केली: हा आकडा कुठून आला? पुरावा कुठे आहे? कंपनीने पाच मिनिटं मागून घेतली, ती अर्ध्या तासावर गेली. त्या खोलीत अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला वरिष्ठांनी सांगितलं की आता अभियंत्याची टोपी उतरव आणि व्यवस्थापकाची घाल. चार व्यवस्थापकांनी मत दिलं. अभियंत्यांना विचारलंच नाही. शिफारस फिरली. सकाळी ७३ सेकंदांत सात माणसं गेली.

लोकप्रिय कथा अशी, की निगरगट्ट अधिकाऱ्यांनी नियम मोडून माणसं मारली. समाजशास्त्रज्ञ डायन वॉन यांनी वर्षानुवर्षं कागदपत्रं चाळून १९९६ मध्ये जे पुस्तक लिहिलं, त्यात उलटं दिसतं. जवळजवळ सगळे नियम पाळले गेले होते. कड्यांवर जळाल्याच्या खुणा आधीच्या उड्डाणांत दिसल्या होत्या. प्रत्येक वेळी त्या तपासून ‘स्वीकारार्ह’ ठरवल्या गेल्या, आणि पुढच्या खेपेला तोच स्वीकार पायाभूत धरला गेला. धोका एकेक पायरीने नेहमीचा झाला. आणि त्या संध्याकाळी आकड्यांत न मांडता येणाऱ्या धास्तीला बोलण्याची परवानगी नव्हती, कारण नासाची सारी प्रतिष्ठाच आकड्यांनिशी बोलण्यावर उभी होती. शास्त्रशुद्धतेचा आग्रहच शंकेच्या आड आला. दुर्दैव असं, की आकडे हाताशी होते. अभियंत्यांनी फक्त इजा झालेल्या उड्डाणांचं तापमान पाहिलं. इजा न झालेली उड्डाणंही शेजारी मांडली असती तर थंडीशी असलेलं नातं डोळ्यांत भरलं असतं, हे चौकशी आयोगाने नंतर दाखवलं.

सतरा वर्षांनी, १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान कोसळलं आणि आपली कल्पना चावला गेली. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा पंखावर आदळला होता. पंखाची छायाचित्रं मिळवावीत अशी अभियंत्यांनी केलेली मागणी पुढे सरकली नाही. चौकशी समितीने चॅलेंजरचं नाव घेऊन सांगितलं की हे तेच आहे. संस्था शिकतात हे खरं. विसरतात हेही तितकंच खरं.

भारतात अशा चर्चेत हमखास एसएलव्ही-३ या रॉकेटचा दाखला येतो. १० ऑगस्ट १९७९ ला रॉकेट बंगालच्या उपसागरात पडलं, इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन पत्रकारांसमोर स्वतः गेले आणि जबाबदारी घेतली. १८ जुलै १९८० ला यश आलं तेव्हा त्यांनी मोहिमेचे प्रमुख असलेल्या अब्दुल कलामांना पुढे केलं. कलामांनीच ही गोष्ट अनेकदा सांगितली आहे, आणि आपण ती धवनांच्या मोठेपणावर संपवतो. पण कलामांनी तिचा पहिला भागही सांगितला होता. उलटी मोजणी चालू असताना संगणकाने उड्डाण थांबवलं होतं. तज्ज्ञांनी सांगितलं, गळती किरकोळ आहे. कलामांनी संगणकाला बाजूला सारून उड्डाण केलं. म्हणजे शंका आली होती, मोडीतही निघाली होती. धवनांनी दोष स्वतःकडे घेतल्यामुळे पुढच्या अकरा महिन्यांत चूक लपवण्याची गरज कुणाला उरली नाही. मोठेपणाचा खरा उपयोग हा. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात रुग्णालयांत औषधांच्या चुका मोजताना असंच काही सापडलं: चांगल्या चमूंमध्ये चुकांची नोंद जास्त होती. ते चमू जास्त चुकत नव्हते. जास्त सांगत होते.

आता महाराष्ट्राकडे. साखर कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा ज्याने पाहिली आहे, त्याला जॅनिस वाचायची घाई नाही. मंडपात हजारो सभासद, व्यासपीठावरून विषय वाचला जातो, वाक्य पुरं व्हायच्या आत ‘मंजूर, मंजूर’चा गजर, मागच्या रांगेतून कुणी हात वर केला तर ‘खाली बसा’. दुसऱ्या दिवशी प्रोसिडिंगमध्ये लिहिलं जातं: सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. मी स्वतः एका शिक्षण संस्थेच्या कार्यकारिणीवर काही काळ होतो. तिथे सभेचं इतिवृत्त सभेच्या आधी टाइप होऊन येत असे. तरी याच सहकाराच्या मुळाशी दुसरं उदाहरण आहे. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा कारखाना उभा केला तेव्हा सुरुवातीची वर्षं अध्यक्षपदी पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. ज्याची जमीन नाही, ऊस नाही, भाऊबंदकी नाही, अशा माणसाला खुर्ची देणं हा कौटिल्याला आवडला असता असा बंदोबस्त.

सरकारी फाइलीची आपण पुष्कळ टिंगल करतो. पण तिची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. टिपणीचा भाग वेगळा, पत्रव्यवहाराचा वेगळा. सहायकाने लिहिलेलं मत कक्ष अधिकारी खोडत नाही. त्याखाली आपलं लिहितो. मग अवर सचिव, उपसचिव, सचिव. वरच्याला खालच्याचं मत अमान्य असेल तर त्याने तसं लिहून, सही करून, तारीख घालायची. सर्वांत कनिष्ठ माणसाची शंका सर्वांत वरिष्ठ सहीच्या वर, कागदावर शिल्लक राहते. थायकोलच्या अभियंत्यांना एवढी सोय असती तर! ही ताकद ओळखली म्हणूनच २००६ मध्ये माहितीच्या अधिकारातून फाइलींवरच्या टिपण्या वगळण्याचा घाट घातला गेला. अण्णा हजारे आळंदीला उपोषणाला बसले आणि तो बेत बारगळला. पळवाट अर्थात आहेच. फाइलीवर ‘चर्चा करावी’ असा शेरा पडतो, सहायक वर जाऊन येतो, आणि पुढची टिपणी वेगळ्याच सुरात लिहिली जाते. चर्चेत काय झालं ते कुठेही नसतं.

हे पुस्तक आज का, याचं कारण याच्याशीच निगडित आहे. शंकेची जागा आता यंत्रं घेऊ लागली आहेत. ब्रिटनच्या टपाल खात्याने १९९९ पासून हॉरायझन नावाची संगणक प्रणाली बसवली. हिशेबात खोट दिसली की पोस्ट चालवणाऱ्यावर चोरीचा आळ. नऊशेंहून अधिक जण दोषी ठरले, काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. त्यांत भारतीय वंशाची कितीतरी कुटुंबं होती. मदतीसाठी फोन केला की अनेकांना सांगितलं जाई, ही अडचण फक्त तुम्हालाच येते आहे. दोष प्रणालीत होता हे न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केलं. आपल्या बँकेच्या काउंटरवर ‘सिस्टिम घेत नाही’ हे वाक्य ऐकणाऱ्याने हा प्रसंग परदेशातला म्हणून सोडून देऊ नये. कर्ज कुणाला, नोकरी कुणाला, कुठला रुग्ण आधी, हे सांगणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आता दारात उभी आहे. ती हुशार आहे यात वाद नाही. ‘का?’ असं विचारल्यावर उत्तर द्यायला कोण बांधील आहे, एवढंच कुणी सांगत नाही.

या विषयात एक खड्डा आहे, तो आधीच दाखवतो. निकाल लागल्यावर सगळेच शहाणे होतात. जो निर्णय फसला तो मूर्खपणाचा आणि जो जमला तो धाडसाचा, असं मागाहून लिहिणं सोपं असतं, आणि या क्षेत्रातलं निम्मं लेखन त्यातच घसरलं आहे. चॅलेंजर सुखरूप उडालं असतं तर त्या रात्रीची बैठक ‘अभियंत्यांच्या भित्रेपणावर मात’ म्हणून प्रशिक्षणात शिकवली गेली असती. या संग्रहातल्या लेखकांनी बहुतेक ठिकाणी हा मोह टाळला आहे: निर्णय घेताना टेबलावर काय होतं, कुणाला काय माहीत होतं, कुणी काय बोललं नाही, इतकंच ते पाहतात. शंकेला जागा म्हणजे प्रत्येक शंका खरी, असंही ते मानत नाहीत. रोज उठून पाया उकरणारी संस्थाही टिकत नाही, आणि शंकेच्या नावाखाली कामं अडवणारे महाभाग आपण पाहिलेले आहेत. मूर्खपणाचा समूळ नायनाट करायला निघालेला लेख इथे एकही नाही. कुठे डोकं बाजूला ठेवलं तर चालतं आणि कुठे ते अजिबात चालत नाही, ही रेघ शोधण्याचा प्रयत्न आहे. ती कारखान्यात एका जागी पडते, रुग्णालयात दुसऱ्या, देवस्थानाच्या विश्वस्त मंडळात तिसऱ्या. लेखकांमध्ये अभ्यासक आहेत तसे निवृत्त अधिकारी, परिचारिका, हिशेब तपासनीस आणि कामगार संघटनांचे कार्यकर्तेही आहेत. त्यांच्या भाषेत शास्त्रीय नेटकेपणा कमी आहे. त्याची भरपाई त्यांना दिसलेल्या तपशिलांनी केली आहे.

पुस्तकाची उणीवही सांगितली पाहिजे. सहकारी संस्था, शिक्षण संस्था आणि नगरपालिका यांच्यावरचा भाग तोकडा पडला आहे. कारण साधं आहे: पुरावा मिळत नाही. आपल्या संस्था निर्णय जपतात, वाद जपत नाहीत. आणि जिथे वाद लिहून ठेवला गेला तिथली बाडं संस्थेची इमारत बदलताना रद्दीत जातात. वाचकांपैकी कुणाकडे, किंवा त्यांच्या संस्थेच्या कपाटात, जुनी प्रोसिडिंग बुकं असतील, विशेषतः ज्यांत कुणी ‘माझा विरोध नोंदवावा’ असं म्हटलं आणि तो खरोखर नोंदवला गेला, तर ती टाकू नयेत. दुसऱ्या आवृत्तीसाठी संपादकांना ती हवी आहेत; प्रकाशकांच्या पत्त्यावर कळवावं, कुणीतरी येऊन प्रती काढून नेईल आणि मूळ बाड होतं तिथे परत ठेवेल.